खांदमळणी

गावाचं नाव मानवत,
आणि दुखणं मानेतच.
नाझनीन म्हणाली, तुझ्या पत्त्यातच लिहिलंय की ते.
तिचा उजवा खांदा, माझा डावा.
वर्गात आम्ही दुखऱ्या बाजू बाहेर ठेवून
एका बाकावर बसतो.

परभणीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला.
मान सरळ झालीय म्हणाले, इथं जरा बाक हवा होता.
मला हसूच आलं.
घरीदारी आजवर
माझी मान ताठ आहे हीच तक्रार होती.

गोळ्या पाच दिवस, पट्टा, शेक,
मोबाइल बंद.
पण जीवशास्त्राचे सर मोबाइलात राहतात,
भौतिकचेही तिथंच, शेजारी.
आणि रात्री अकरानंतर, खरं सांगायचं तर,
सर नसलेलंही बरंच काही.

आई म्हणते, तुझ्या वयात
दोन हंडे डोक्यावर घेऊन यायचे मी.
ओझं डोक्यावर असलं की मान वाकवताच येत नाही.
तुझं ओझं हातात,
डोकं बिचारं त्याच्या मागं मागं खाली जायलंय.

पोळ्याच्या आदल्या दिवशी
अप्पा वेल्डिंगच्या दुकानातून लवकर आले.
बैल विकून सहा वर्षं झाली,
तरी वाटीत हळद घेतली, तूप घेतलं,
कोमट केलं,
आणि वाटी धरून नुसतेच उभे राहिले
गॅसपाशी.

मी भिंतीला टेकून,
गुडघ्यावर मोबाइल,
पेशीविभाजन, भाग चौथा.

"कुठं दुखायलंय?"

मी बोट नेईपर्यंत
त्यांचा अंगठा पोचला होता.
"हितंच. चांद्याला बी हितंच गाठ यायची.
जू बसतं ना."
चरे पडलेली बोटं, ठिणग्यांचे जुने डाग,
तूप मात्र अगदी हळू फिरत होतं.
हां, हां, उभी राय, म्हणाले,
मी बसलेली असताना.
मग ओठांत पुटपुटणं:
आज आवतन घ्या, उद्या जेवायला...
आणि मधेच गप्प.
मी बैल नाही, हे आठवलं असावं.

"तुझं जू कुठाय?"
मी मोबाइल दिला.
त्यांनी तळव्यावर तोलला,
उलटा करून पाहिला, पुन्हा तोलला.
"एवढंसं?"

पोळ्याला दुकान बंद असतं.
तरी दुपारपर्यंत आतून ठिणग्या येत होत्या.
संध्याकाळी घरी आला
सळयांचा एक स्टँड:
चार पाय, वर दोन आकडे मोबाइल अडकवायला,
बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीचे.
आकड्यांना लाल रंग.
शिंगांचा डबा अजून वाळला नव्हता म्हणे.

आईनं त्याला कुंकू लावलं,
पुरणपोळीचा तुकडाही दाखवला,
नाझनीन हसून हसून खाली बसली.

मी तो उचलून माडीवर नेला.
चांगला आठ किलो भरेल.
तिसऱ्या पायरीवर
डावा खांदा लख्खकन चमकला.

अप्पा खालून, मान वर करून, बघत होते.
म्हटलं, हलका आहे.