आठ वॅट

दहीपुलाजवळ, अरुंद जिना चढून,
खैरनारांच्या टेबलावर चार व्हॉल्व्ह. थंड अजून.
"आधी स्पीकर ठरवा," ते म्हणाले,
"हा आठच वॅटचा जीव.
जड कोन ढकलायला लावाल, तर धाप लागेल त्याला."

मी ओहम विचारले, डेसिबल विचारले, वहीत लिहिले.
त्यांनी एवढंच विचारलं, "कान कसे आहेत?"

अंबडला तेवीस वर्षं पॉवर प्रेसवर.
डाव्या कानाला झांज लागत नाही
हे सुमेधालाही सांगितलेलं नाही मी.

काही न बोलता त्यांनी
कागदी कोनाची जुनी, रुंद जोडी जोडली.
काचेआत तार हळूहळू नारिंगी होत गेली.
गाण्याआधी कुणा बाईनं श्वास घेतला,
तो आला ऐकू.

झांज वाजली का,
ते घरी सुमेधाला विचारावं लागेल.