रिंगा बसेपर्यंत

बंद जिनिंगच्या शेडमध्ये
कवडूमामानं पिस्टनवर रिंगा चढवल्या,
फटी एका रेषेत येऊ दिल्या नाहीत.
टॉर्क पान्याची टकटक मी मोजली:
सोळा नट, दोनदा.

बाहेर कडुनिंबाला साखळीनं बांधलेलं इंजिन
खोकलं, मग लागलं.
पंख्यानं जुनी रुई उडवली,
गुल्हान्यांच्या कोंबड्या तुरीत घुसल्या.
मी थ्रॉटल हळूच सरकवत होते.
"लाड नको करू वं!
जोर लाव त्याले,
नाहीतर सिलिंडर काचेवानी गुळगुळीत होते,
जन्मभर तेल पिते."

दुसऱ्या तासाला काटा
थोडा उतरला.
मामा तेलाची कांडी पुसतो, बुडवतो,
बोलत नाही.

अंगणात पंखाच्या उघड्या फासळ्यांवर
फडकं टाकून आईनं मुंगवड्या घातल्यात.
दोन उन्हं लागतील म्हणते.