बारा, पाच, आठ

आमच्या इमारतीखाली युद्धासाठी बांधलेली खोली आहे.
लोखंडी दार, वीतभर जाड. युद्ध आलं नाही,
सायकली आल्या, स्की आल्या,
कुणाचा तरी तुटका पाळणा,
आणि दर मंगळवारी साडेसहाला आम्ही दोघं:
मी, आउलिस, वय सदुसष्ट,
आणि तिसऱ्या मजल्यावरची विल्या, वय पंधरा,
एकाच हाताची नखं काळी रंगवणारी.
दुसऱ्या हाताला बाटली पुरली नाही म्हणते.

गिटार यार्क्कोची. पर्थला जाताना ठेवून गेला.
तारा गंजल्या होत्या, त्या विल्यानं बदलल्या,
मानेशी माझाच लोकरी मोजा बांधला,
रिकाम्या तारांनी मध्ये तोंड घालू नये म्हणून.

"उजवा हात इकडे आण," म्हणाली, "डाव्याच्या मुलखात."
उजवं बोट बाराव्या पडद्यावर आपटायचं,
पाचव्यावर डावी तर्जनी आधीच दबा धरून,
आठव्यावर करंगळी.
बारा, पाच, आठ. बारा, पाच, आठ.
"आउलिस, खिळा नाही ठोकायचा."

ठोकणं मला शिकवू नये कुणी.
एकतीस वर्षं केमीच्या यार्डात
लांब दांड्याचा हातोडा घेऊन
उभ्या मालगाड्यांच्या कडेकडेनं चाललो.
एका चाकाला एक ठोका, मग कान.
धड चाक घंटेसारखं बोलतं,
तडकलेलं बद्द, फुटक्या मडक्यासारखं.
खडूची फुली. पुढचं चाक.
उणे तीसमध्येही टोपी एका कानावरून वर,
तो कान अजून ठणकतो.

पण तिथे ठोका दिला की संपलं.
इथे खरी गोम बोट काढण्यात.
नुसतं उचललं, चोरासारखं,
तर मागे काही उरत नाही.
तारेला जरा खाली ओढून, टिचकी मारून निघायचं,
मग मागचा स्वर बोलतो,
आणि तोही तेव्हाच,
जेव्हा मागचं बोट जागेवर असतं.

यार्क्को, मी इतकी वर्षं म्हणत आलो
की तू नुसतं उचललंस.
पाचव्यावर माझा हात होता का,
ते कधी पाहिलं नाही.

बारा, पाच, आठ.

मग दुधाचा खोका उलगडून त्याच्या आतल्या बाजूला
विल्यानं सात नावं लिहिली, ग्रीक, जिभेवर न बसणारी.
"स्वर तेच," म्हणाली, "तू काही बदलू नकोस. वाजवत राहा."
आणि स्वतः छोट्या कीबोर्डवर
खाली एकच स्वर दाबून बसली.
तो सरकवला, की माझं तेच वाजवणं
कधी लग्नाघरचं, कधी दर्यावर्द्याचं,
कधी रात्री परक्या गावात उतरल्यासारखं.
मी बोटसुद्धा हलवलं नव्हतं वेगळं.
घर कुठलं म्हणायचं, ते ती ठरवत होती.

सातव्याला तिनं नाक मुरडलं.
"लोक्रियन. इथे कुणी राहत नाही. पाचवा स्वर खचलेला,
टेकायला गेलं की बूड घसरतं."
मी म्हटलं, दाब.
दाबला तिनं.
आणि मला यार्ड ऐकू आलं,
बर्फावरचा पिवळा दिवा,
अकराव्या डब्याचं मागचं चाक, बद्द.
खिशात खडू नव्हता.
"थांबू?" तिनं विचारलं.
नको. अजून जरा.

कितव्या वेळेला कोण जाणे, तिन्ही ठोके सलग पडले,
पाणी जसं नळातून, आधी खोकत, मग धार.
भिंतीवर टांगलेल्या सायकलींच्या आऱ्या बारीक झिणझिणल्या.
विल्या फोनमध्ये बघत होती. तिनं ऐकलं नाही.
मी सांगितलंही नाही.

आठला दिवा आपोआप जातो.
मोजा सोडला, पायात चढवला, ती हसली.
बाहेर पडताना सवयीनं
लोखंडी दारावर बोटाचं पेर वाजवलं
आणि टोपी वर केली.