अडीच रुपये येणे

साळगुंडीची इगर्ज समोरून बघावी.
जांभ्यावर चुना, चुन्यावर चुना,
दोन्ही खांद्यांवर गोगलगाय वळावी तशी नक्षी,
मधे कमान, कमानीच्या डोक्यावर आणखी एक,
जसं कुणी आभाळाला दार बसवायला घेतलं
आणि बिजागऱ्या विसरला.

बुरूज मात्र एकच.
दुसऱ्याच्या जोत्यावर फादर मिरच्या वाळवतात.
घंटेवाला पास्कू सांगतो, पटकी आली, पैसे संपले.
फादर बदलले की कारणही बदलतं.

शिंपल्यांची तावदानं चोर्ल्याच्या घाटातून
गाडीत पेंढ्यात निजवून आणली,
अर्धी वाटेतच फुटली.
म्हणून डाव्या अंगाला दुधाळ उजेड
आणि उजवीकडे बेळगावच्या बाजारातली काच.

वेदीचे खांब पिळाचे.
सुतारानं असला खांब कधी बघितला नव्हता, म्हणे;
तेव्हाच्या फादरनी ओला पंचा पिळून दाखवला.
तस्साच सागवानात उतरला,
खाली थेंबासकट.
देवदूतांची तोंडं गावातल्या पोरांची,
एकाचा पुढचा दात पडलेला.

मी भरमा, गवंडी. यंदा शिडी मागून लावली.
दर्शनी भिंत कौलांपेक्षा दोन पुरुष उंच,
तिची पाठ कोण बघतंय?
बघा की. काही नाही तिकडं.
उघडा जांभा, पारव्यांची घाण,
नाटकाच्या पडद्यामागं असतं तसं.

शेवाळ खरवडलं, तर अक्षरं. मोडी.
खानापूरहून सटुप्पा मास्तर आणले.
शिडी चढायचं वय नाही त्यांचं,
मग मी दगडावर बोट फिरवत
एकेक आकार खाली ओरडून सांगितला:
गाठ, गाठीला शेपूट, वर आडवी रेघ.
मास्तरांनी जुळवून वाचलं,
‘चुन्याचे दिवस एकोणपन्नास.
पैकी अडीच रुपये येणे.’
नाव नाही.

फादर हसले. मग थांबले.
पास्कू म्हणाला, इथं पाटी लावू.
कुठल्या भाषेत, आणि वर कुठली,
चहा गार होईतो तेच.

गूळपाण्यात मळलेला चुना मी वर नेला,
सगळी पाठ लिंपली,
तेवढा वीतभर दगड सोडून.

शनिवारी माझा हिशेब पुरा झाला,
वर अडीच रुपये जास्त.
आठ आण्याचं नाणं फादरनी कुठून पैदा केलं, त्यांनाच ठाऊक.
खर्चली नाहीत.
करणी-ओळंब्याच्या पिशवीत बांधून ठेवलीत,
त्या माणसाचं कुणी विचारत आलं
तर हाताशी असावीत.