कढ

तळाशीलच्या वाळूत रापण अर्धी वर आली
तेव्हा वामनकाकाच्या पायाखाली वागळी होती.
शेपटी एकदाच फिरली.
पन्नास वर्षं दर्याला शिव्या देणारा माणूस
घोटा धरून एकदम गप्प झाला.

मी सुट्टीवर. बॅगेत प्रथिनांच्या घड्यांवरचा अर्धा प्रबंध,
हातात फोन, फोनला रेंज नाही.
द्वारका आत्याने पेजेचा टोप उतरवला, पाणी चढवलं,
मग कोपर बुडवून बघितलं,
बाळाच्या न्हाणीचं बघतात तसं,
त्याहून जरा कढत.
"पाय बुडय. सोस. इख कढाक भिता."

मला माहीत होतं ते असं:
विषातली प्रथिनं म्हणजे लांब माळा, वीस तऱ्हेच्या मण्यांच्या.
सरळ असेपर्यंत माळ कुणाचं वाकडं करत नाही.
पाण्याला लाजणारे मणी आत, पाण्याचे सोयरे बाहेर,
अशी दुमडत दुमडत ती बसते,
आणि घडीत एक खाच उरते.
खाचेत मावेल तेच कातरायचं,
सोडायचं, पुढचं धरायचं.

ओहोटीला आत्या कालवं काढते तशी.
कोयतीचं टोक नेमकं सांध्यावर, एक झटका, पुढचं.
टोपली भरते. कोयती तीच.

अशा कोयत्या आपल्यातही, अगणित.
भात पचतो त्यांच्यावर, श्वास चालतो.
वागळीच्या काही निराळ्या नाहीत,
चुकीच्या घरात शिरलेल्या, एवढंच.

आणि घडी धरून ठेवणारे हात फार बारीक.
कढ लागला की सुटतात,
रापणीचा दोर चाळीस जणांनी एकदम सोडावा तसे.
खाच राहत नाही. माळ राहते.

मी विचारलं, कढत किती ते कसं कळतं?
आत्या राख सारत म्हणाली, "आमच्या बाबल्याक ताप इल्लो."
पुढे बोलली नाही.
त्या वर्षीच्या पट्ट्या मला आठवतात,
कपाळावर ठेवताच सुकणाऱ्या.
उकडलेलं अंडं परत पातळ होत नाही,
हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना हसत हसत शिकवते.

तासाभराने काकाने दर्याला
पहिली शिवी घातली.
आत्याने पेज परत चुलीवर ठेवली.

सकाळी आचऱ्याला जाऊन जखम धुऊन आणली.
दुपारी वागळीचं सुकं होतं.
काकाने दोनदा मागून घेतलं.