पुढच्या गाडीची पाठ

क्लच हळू सोडा, काकू.
हळू म्हणजे दुधावरची साय बोटानं सारावी तसा.
घाई कुणाला आहे? मला तर नाहीच.
मेरी वेदर ग्राउंडला आपण चौथा वळसा घालतोय,
पोरं अजून स्टंपा ठोकतायत,
आणि तुमचा डावा पाय थरथरतोय.
थरथरू दे.
माझा एकोणीस वर्षं थरथरला.

इथंच, फक्कीनं आखलेल्या वळणांवर,
वडिलांची पद्मिनी न विचारता उडवली होती.
धुळीत दुसरा आलो.
दोघंच होतो.
पहिला नंबर वडिलांनी घरी दिला, पट्ट्यानं.

मग उद्यमनगरात इलाही शिकलगारनं पदरी घेतलं.
इंजिनवर स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा,
मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा.
शेजारच्या लेथचा कल्ला त्याला ऐकूच यायचा नाही.
"तिसऱ्याला खोकला हाय," म्हणायचा.
आणि तिसऱ्या सिलिंडरला असायचाच.

कुणाचा हात मोडला की मला फोन.
कुणाची परीक्षा, कुणाचं लग्न,
कुणाच्या बापाचा कारखाना बसला
की मला फोन.
उसनी सीट, उसना सूट,
छातीवर दर वेळी नवी पट्टी:
कधी शिरोलीचा कास्टिंगवाला, कधी पशुखाद्य,
एकदा तर मंगल कार्यालय, जेवणाच्या सोयीसह.
शालन शुक्रवारी शिवायची, सोमवारी उसवायची.
सूट परत जायचा. टाक्यांची भोकं
कुणाच्या ते कुणी विचारलं नाही.

रात्री टेम्पोवर गाडी आवळून कागलचा नाका ओलांडायचा.
सकाळ तुमकूरच्या पुढं कुठंतरी,
दुसरी रात्र मद्रासच्या अलीकडं, ट्रॅकच्या कुंपणाशी
टायरांच्या राशीवर डोकं ठेवून.
टायर जिंकलेल्यांनी काढून टाकलेले,
निम्म्या भावात.
हात लावला तर अजून कोमट.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाही जिंकलो.
पाचवा, सातवा, पाचवा, गिअरबॉक्स, सहावा.
पुढच्याच्या मागं एक पूर्णांक चार सेकंद.
एवढ्यात फोडणीतली मोहरीसुद्धा तडतडत नाही.
एवढ्यात शालनच्या पाटल्या गेल्या.
तिनं कधी हिशोब मांडला नाही.
मांडला असता तर बरं झालं असतं.

पहिला असतो त्याला नुसता रस्ता दिसतो, काकू.
मला पुढच्या गाडीची पाठ पाठ आहे.
कोण ब्रेकला आधी दचकतो,
कुणाचा धूर निळा पडत चाललाय,
कोण उजव्या वळणाआधी उगाच एकदा आरशात बघतो.
त्यांच्या आयांना ठाऊक नसेल ते मला ठाऊक.

एकदा तिसरा आलो. तेही घरी बसून.
पुढच्याची गाडी वजनाला नऊ किलो कमी भरली,
आणि दोन महिन्यांनी कुरिअरवाला
शाहूपुरीच्या बोळात माझं नाव विचारत फिरला:
जयसिंग नेजदार, जयसिंग नेजदार.
शालननं पिठाच्या हातानं सही केली.
मी इलाहीला बोलावलं.
त्यानं कप उलटा केला, टिचकी मारली, कानाला लावला,
बराच वेळ लावून ठेवला.
"खोकला न्हाई," म्हणाला.

आता त्यात शिकाऊंचे पासपोर्ट फोटो असतात.
तुमचाही आहे. डोळे मिटलेत तुम्ही.

चला, आता रस्त्यावर.
घाबरू नका, माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे,
सकाळपासून दाबलेला नाही.
ती रिक्षा बघतांय? दिवा नाही, हात नाही.
तिची पाठ बघा.
मागचं डावं चाक जरासं आत बसलं.
ती वळणार, ताराबाई पार्ककडं.
थांबा.

वळली.

टाका आता दुसरा.