बोटभर बॅकेलाइट

मुर्गाबच्या बाजारात दुकानं नाहीत, कंटेनर आहेत,
समुद्र विसरलेले.
तिसऱ्या रांगेत जूमार्त बसतो.
त्याच्या मागे टांगलेले फॅनबेल्ट
वाऱ्यानं हलतात, वाळत घातलेल्या आतड्यांसारखे.

मी करंगळी पुढे केली. म्हटलं,
"एवढंसं हवंय. गाझ एकोणसत्तर.
डिस्ट्रिब्युटरमधला रोटर."

तो हसला नाही, ते बरं झालं.
"अख्खं इंजिन देतो," म्हणाला, "ओशहून आलंय,
उआझचं, चार मेंढ्या आणि वर थोडे पैसे.
जुनं उतरव, हे चढव.
रोटर मात्र नाही.
बारक्या वस्तू कोण सांभाळून ठेवतं, कानिशाय?"

बाबा ठेवत.
चहाच्या डब्यात पॉइंट, कंडेन्सर, कॉइलची वायर,
एकेक जिन्नस जुन्या 'प्रावदा'च्या कागदात,
तेलाचं बोट लावून.
फक्त रोटर नव्हता. डब्यात नाही, गाडीतही नाही.
टोपण उघडलं तर आत नुसता दांडा,
दात पडलेल्या हिरडीसारखा.

"गाडी दमलीय," ते म्हणत. "निजू दे."
तीस हिवाळे निजली ती.
कोंबड्यांनी मागच्या सीटवर अंडी घातली,
आई गेली, मग बाबाही गेले,
आणि आम्ही म्हणत राहिलो, इंजिन बसलं असणार.

बुरमा आत्यानं शिवणयंत्राचं रीळ आणून दिलं,
"हे चालतंय का बघ."
अलिचूरच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं
माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, म्हणाला,
"वरच्या पंपावर जा. सातिबाल्दीला विचार.
त्या पंपाला तुमच्याच गाडीचं इंजिन आहे."

पंप चालू होता. लांबूनच ऐकू आला,
खोकत, पण न थांबता.
बादल्यांची रांग, दोन याक, पिपं बांधलेलं गाढव.
सातिबाल्दी म्हणाला, "आधी पाणी भरू दे सगळ्यांना."
मीही भरलं. दात कळवळले.

मग त्यानं इंजिन बंद केलं,
कड्या सोडल्या, टोपण उचललं.
तपकिरी रोटर. पितळेची पट्टी झिजून पातळ,
तिच्यावर चाकूनं कोरलेलं एक अक्षर.
बाबांच्या नावाचं. त्यातला वाकडा पाय
मी कुठेही ओळखला असता.

"ब्याण्णवचा हिवाळा," सातिबाल्दी म्हणाला,
"ओशहून ट्रक यायचे थांबले होते.
ममातकेरिम रात्री आला, चालत.
खिशातून काढून दिला. म्हणाला,
घरी बोलू नकोस. बायको म्हणेल, आधी आपली गाडी.
आणि तिचं चुकणार नाही."

त्यानं रोटर काढून माझ्या तळहातावर ठेवला.
"तुमचाच आहे. ने."

गरम होता अजून.
रांगेत शेवटी एक मुलगी उभी होती,
बादलीची कडी एका हातातून दुसऱ्या हातात घेत.
ती काही बोलली नाही.
मीही फार विचार केला असं नाही, खोटं कशाला सांगू.
बाहीनं पुसला,
काडेपेटीच्या कडेवर पितळेचं टोक दोनदा घासलं,
आणि होता तिथे बसवला.
कड्या टक्, टक्.
तिसऱ्या हॅंडलला इंजिन खोकलं, मग लागलं.
मुलीची बादली भरली.

गाडी अजून अंगणातच आहे.
टायरखाली दगड, बॉनेटवर फेल्टचा तुकडा,
अंडी रोज मिळतात.

काल बाजारात गेले.
जूमार्तनं चहा ओतला, विचारलं,
"काय ठरलं? आणू इंजिन?"
"नको," म्हटलं. "इंजिनाला काही झालेलं नाही."
"मग?"
"ओशला निरोप पाठव. रोटर हवाय.
वसंतापर्यंत येऊ दे, उन्हाळ्यापर्यंत येऊ दे."
त्यानं वही उघडली, पेन्सिल जिभेला लावली.
"एक?"
"दोन लिही.
पंपावरचा फार झिजलाय."